संदर्भकाका

लोणावळ्याजवळच्या कुसगावात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की दोनच माणसं तो मन लावून वाचतात. एक ज्याचा वाढदिवस तो, आणि दुसरे संदर्भकाका. पहिला आपला फोटो सरळ आलाय की नाही तेवढं बघून जातो. काका छत्री बगलेत धरतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि वरपासून वाचायला लागतात. ‘कार्यसम्राट’. थांबतात. “संदर्भ हवा.” ‘गोरगरिबांचे कैवारी’. “असं कोण म्हणालं? कुठं छापून आलं?” मग खाली अंगठ्याएवढ्या तीस-पस्तीस चेहऱ्यांची शुभेच्छुकांची ओळ असते, तिच्यावर छत्रीचं टोक फिरवतात. “आणि हे साक्षीदार धरायचे नाहीत. सगळे घरचेच.”

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, पेन्शनच्या पुस्तकावर आहे, पण गावात ते आता कुणी घेत नाही. परवा पोस्टमनही संदर्भकाकांचं घर विचारत आला. काकांनी त्यालाही ओळखपत्र मागितलं.

पोस्टमनशी मात्र त्यांचं भाऊबंदाचं नातं आहे. काका आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. आर.एम.एस. म्हणजे रेल्वेतली टपालसेवा. रात्रीच्या मेलला लावलेल्या डब्यात उभं राहायचं, गाडी घाटात डुलायला लागली की गुडघे सैल सोडायचे, आणि हातातलं पत्र समोरच्या लाकडी खान्यांपैकी नेमक्या खान्यात टाकायचं. कुसगावं मावळातच एकाहून जास्त, तालुक्याबाहेर आणखी. पाकिटावर नुसतं ‘मु. पो. कुसगाव’ लिहिलेलं असलं की काकांना पाठवणाऱ्याचा मनापासून राग यायचा. अपुरा पत्ता असलेलं पाकीट कितीही जाड असो, कितीही तिकिटं डकवलेली असोत, परत. तीस वर्षं हे केल्यावर माणूस निवृत्त होतो, हात होत नाहीत. पुतण्यानं जुना लॅपटॉप दिला आणि काकांना नवे खाने सापडले.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर सुरू झाला. काका तिथं बरेच उशिरा पोचले. पगार नाही, शिक्का नाही, साहेब नाही. पण कोण कोशात बसतो आणि कोण परत पाठवायचा, हा प्रश्न आहे. त्याला तिथं ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. कच्चं लिखाण करायच्या जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात, भांडायच्या जागेला ‘चर्चापान’. आणि जे पान ठेवू नये असं वाटतं त्याच्या माथ्यावर लावायच्या पाटीचं नाव ‘पानकाढा’. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मुलीच्या लग्नातही आलं नव्हतं. हे काकूंचं म्हणणं. स्रोत एकच, पण विश्वसनीय.

हळूहळू काकांनी आपला विभाग निवडला. सिनेमावाले नकोत, त्यांचे चाहते शिव्या देतात. पुढारी नकोत, त्यांचे चाहते घरी येतात. काकांनी प्राध्यापक घेतले. प्राध्यापक घरी येणार नाहीत, असा त्यांचा अंदाज होता.

आमच्या टपरीवर संध्याकाळी काकांच्या विकिपीडियाचा विषय निघतोच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची मिसिंग लिंक, म्हणजे खोपोलीकडून डोंगराच्या पोटातून येणारा १३.३ किलोमीटरचा नवा रस्ता, कुसगावातच बाहेर पडतो. काम सुरू झालं तेव्हापासून कुणीतरी काकांना विचारायचं, “काका, मिसिंग लिंकचं काय?” काका गंभीरपणे सांगायचे, “अजून चार लाल आहेत.” विकिपीडियावर जे पान अजून लिहिलेलंच नाही त्याचा दुवा लाल दिसतो, हे विचारणाऱ्याला कुठून माहीत असणार? तो आपला बोगद्यात चार ठिकाणी लाल दिवे लागलेत असं समजून घरी जायचा.

“पण काका, प्रोफेसर मोठा हे तुम्ही ठरवणार कसं?” टपरीवाल्यानं एकदा विचारलं. “तुम्ही तर अकरावी.”

“मी कुठं ठरवतो? लोकांनी आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त बघतो कुठं लिहून ठेवलंय का. हे बघ बाळा, एच-इंडेक्स म्हणून एक प्रकार आहे. हिर्श नावाच्या भौतिकवाल्यानं २००५ मध्ये काढला. तुझ्या पाटीवर किती पदार्थ?”

“पन्नास तर असतील. चायनीज धरून.”

“त्यातले लोक परत येऊन मागतात किती?”

टपरीवाला प्रामाणिक. “चहा. वडापाव. पावसाळ्यात कांदाभजी. बाकीचं लिहिलंय आपलं.”

“म्हणजे तीन पदार्थ. प्रत्येक निदान तीन गिऱ्हाइकांनी परत येऊन मागितला, तर तुझा अंक तीन. चहा रोज हजार जण पितात म्हणून तो वाढत नाही, आणि पाटीवर पन्नास लिहिलेत म्हणूनही वाढत नाही. चौथा पदार्थ चार जणांनी मागायला लागला आणि हे तिन्ही चार-चार जणांनी मागितले, की चार.”

“आणि मीच माझं मंचुरियन खाल्लं तर?”

“त्याला स्व-उद्धरण म्हणतात,” काका म्हणाले. “प्राध्यापकांत फार आहे.”

इंजिनिअरिंगवाल्यांचं या अंकावर भागतं. मराठी, इतिहास, लोकसाहित्य या माणसांचं भागत नाही, कारण अंक मोजणाऱ्या यंत्रांना दिवाळी अंक वाचता येत नाही आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेतलं ऋण तर मुळीच दिसत नाही. इंग्रजी विकिपीडियानं प्राध्यापकांसाठी आठ कसोट्या लिहून ठेवल्यात, त्यांतली एक पुरी झाली तरी चालतं. काकांनी त्या मराठीत उतरवून ज्ञानकोशाच्या कपाटाच्या दारावर चिकटवल्यात. ज्ञानकोश म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. काकांनी एका रद्दीवाल्याकडून तो किलोवर घेतला. तेवीसपैकी एकोणीस खंड आहेत. काका केतकरांना देव मानतात: अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन डॉक्टरेट मिळवलेला माणूस परत येऊन कोशासाठी वर्गणीदार गोळा करत हिंडला, आणि १९२०च्या दशकात तेवीस खंड काढून मोकळा झाला. त्यातले पहिले पाच प्रस्तावनेचे. कुणी घाई केली की काका तो आकडा ऐकवतात. “केतकरांनी प्रस्तावनेलाच पाच खंड घेतले, तुला एक कप चहा संपेपर्यंत थांबवत नाही?”

चित्रावशास्त्र्यांचं नाव निघालं की आवाज खाली येतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी पुण्यात बसून प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन असे तीन चरित्रकोश केले. १९३२, १९३७, १९४६. ऋषीपासून रँग्लरपर्यंत कोण घ्यायचा आणि कोण गाळायचा हे त्यांच्या टेबलावर ठरायचं. “तिथं पानकाढा नव्हता,” काका म्हणतात, “पान लागायचंच नाही.” हे कौतुक की मत्सर, ते मला अजून कळलेलं नाही.

तर प्राध्यापक घरी येणार नाहीत हा काकांचा अंदाज एका श्रावणात चुकला.

पाऊस लोणावळ्याला पडतो तसा पडत होता, म्हणजे वरून, खालून आणि आडवा. दारात गाडी थांबली. एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक उतरले. कुठल्या कॉलेजातले ते सांगत नाही. मागून एक विद्यार्थी, त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल, शाल-श्रीफळ, आणि चिक्कीचा डबा. लोणावळ्याच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की, तीही एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलवरून घेतलेली. माणसाची संशोधनपद्धती काकांना तिथंच कळली असणार, पण ते काही बोलले नाहीत.

विद्यार्थ्यानं सरांचं पान लिहिलं होतं. काकांनी त्यावर पानकाढा लावला होता. वापरकर्ता-नावावरून कुसगाव कसं शोधलं, ते विद्यार्थ्यानं सांगितलं नाही. पण प्रबंध याच चिकाटीनं केला असता तर एव्हाना पुरा झाला असता.

“हे पान तू लिहिलंस?” काका.

“हो.”

“हे तुझे कोण?”

“गाइड.”

“हितसंबंध,” काका म्हणाले आणि खुर्ची पुढं सरकवली. “बसा सर.”

सर अनुभवी. त्यांनी शाल बाजूला ठेवली, फाइल उघडली. एकशे सत्तेचाळीस शोधनिबंध. काकांनी चष्मा ओढला. निबंध बहुतेक ‘जागतिकीकरण आणि’ या शब्दांनी सुरू होत होते. जागतिकीकरण आणि संत, जागतिकीकरण आणि लावणी, जागतिकीकरण आणि बालगीत. जवळजवळ सगळे २०१० नंतरचे. यात सरांचा एकट्याचा दोष नाही, हे मी मध्ये बोलून घेतो. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, आणि गुण भरले तर बढती. ज्या माणसांनी आयुष्यात दोन लेख धडपणे लिहिले असते, ती महिन्याला दोन लिहायला लागली. चर्चासत्र झालं की स्मरणिकेला आयएसबीएन घ्यायचा, म्हणजे जेवणाच्या कुपनाबरोबर पुस्तकही पदरात. सरांनी सव्वीस स्मरणिका आणल्या होत्या. काकांनी एकेक हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं.

“यांच्यावर कुणी लिहिलंय?”

“यांच्यावर म्हणजे?”

“म्हणजे तुमचं वाचून दुसऱ्या कुणी, तुम्ही न सांगता, काही लिहिलंय?”

खोलीत फक्त पाऊस ऐकू येत होता. विद्यार्थी म्हणाला, “मी लिहिलंय.”

मग कपाटाच्या दाराकडं बघत काका कसोट्या विचारायला लागले.

मोठा राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय सन्मान? सरांनी सात सन्मानपत्रं काढली. आदर्श, भूषण, रत्न, गौरव. एकाच्या खाली प्रवेशशुल्काची पावती टाचलेली राहून गेली होती. काकांनी ती हळूच सोडवून सरांना परत दिली. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही, हा काकांचा मोठेपणा. मला सांगितली, हा त्यांचा स्वभाव.

निवडक विद्वत्सभेचं फेलोपद? सर लायन्समध्ये होते.

कुणाच्या नावाचं अध्यासन, म्हणजे खास मानाची खुर्ची? सरांचा चेहरा उजळला. “खुर्ची होती ना. मागं पांढऱ्या रंगानं माझं नावच लिहिलं होतं. केमिस्ट्रीवाले उचलून न्यायचे.”

विद्यापीठाचं सर्वोच्च पद? कुलगुरू रजेवर असताना ज्यांनी चार दिवस पदभार सांभाळला, त्यांच्या सत्काराला सर प्रमुख पाहुणे होते.

नामांकित नियतकालिकाचे मुख्य संपादक? कॉलेजचं वार्षिक, सलग नऊ वर्षं. विद्यापीठाबाहेरच्या समाजावर मोठा प्रभाव? सोसायटीचे चेअरमन. पाण्याचा टँकर त्यांनी सुरू केला.

“चहा टाकते,” काकू आतून म्हणाल्या. माणसाचं निकामी झालेलं यादीवाचन त्यांना कानानं कळतं.

सर चिडले नाहीत, खचलेही नाहीत. जरासं थांबून म्हणाले, “काका, तुम्ही म्हणता ते सगळं मिळवायला आधी नाव असावं लागतं. आणि नाव व्हायला तुमच्या कोशात असावं लागतं.” हे मात्र काकांच्या वर्मी लागलं. कारण हीच गोष्ट त्यांना रात्री झोपू देत नाही.

२ ऑक्टोबर २०१८ ला कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंडना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. लेझरच्या ज्या कामाबद्दल मिळालं ते १९८५ सालचं. आणि ते जाहीर होईपर्यंत इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. त्याच वर्षी कुणीतरी मसुदा पाठवला होता. तपासणाऱ्यानं स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून तो परत केला होता. नियमानं केला होता. जगभर बोभाटा झाला. तो तपासणारा कोण होता हे काकांना ठाऊक नाही, पण त्याच्याबद्दल ते सख्ख्या भावासारखं बोलतात. “त्यानं पत्ता बघितला, बाळा. पत्ता अपुरा होता. आत काय आहे ते सॉर्टरला बघता येत नाही.” वर आणखी एक गोष्ट: नोबेल मिळालं तेव्हा त्या बाई सहयोगी प्राध्यापकच होत्या. पूर्ण प्राध्यापकपदासाठी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता.

आणि आपल्याकडचे कापरेकर? देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, पुन्हा तेच करत राहा. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की ६१७४ येतात आणि तिथंच घोटाळत राहतात. काका टपरीवर बसून एक्स्प्रेसवेकडं वळणाऱ्या गाड्यांच्या नंबरावर हे करतात. ३५२४ आली: ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. तिसऱ्या वजाबाकीला मास्तर हजर. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीचं नाव जगात गेलं. “गार्डनरकडं मास्तरांनी चिक्की पाठवली नव्हती,” काका म्हणतात.

सर निघाले तेव्हा काकांनी शाल परत केली, नारळ ठेवून घेतला. नारळ हा हितसंबंध होत नाही, असा निवाडा काकूंनी दिला.

पान ठेवायचं की काढायचं ही चर्चा इंग्रजी विकिपीडियावर सात दिवस चालते. मतं मोजत नाहीत, कारणं तोलतात. काकांनी इथंही सात दिवस घेतले आणि त्या सात दिवसांत आपल्या सवयीप्रमाणं नको तेवढं शोधलं. सरांच्या एकशे सत्तेचाळीसपैकी एकाचाही मागमूस कुठं लागला नाही. पण भातशेतीवरच्या एका पुस्तकाच्या तळटिपेत सरांचं नाव सापडलं. मग एका बोलीअभ्यासात. मग एका प्रबंधात, जिथं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. तिन्ही लेखक एकमेकांना ओळखत नव्हते, सरांनाही नाही. सगळे एकाच जुन्या पुस्तिकेचा हवाला देत होते. सरांनी तरुणपणी, बढतीचे गुण हा शब्द जन्माला यायच्या आधी, मावळात पायी फिरून भात लावणाऱ्यांचे शब्द गोळा केले होते. राब, चिखलणी, खाचराच्या बांधाच्या दर भागाचं वेगळं नाव, इरल्याच्या काड्यांची नावं. पुस्तिका फाइलमध्ये नव्हती. आयएसबीएन नसल्यानं तिला गुण शून्य.

काका पुण्याला गेले आणि एका जुन्या ग्रंथालयात ती काढून वाचायला बसले. त्यातले निम्मे शब्द त्यांनी स्वतःच्या घरात ऐकले होते आणि विसरले होते. त्यांचं खाचर एक्स्प्रेसवेखाली गेलं, शब्द त्याच्याबरोबर गेले. शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्यांची यादी होती. गाव कुसगाव, पाचवं नाव: त्यांची आई.

संध्याकाळच्या लोकलनं परत आले. टपरीवर चहा घेतला नाही, थेट घरी. मी गेलो तेव्हा लॅपटॉप उघडा होता आणि काका एका बोटानं टाइप करत होते. चर्चापानावर त्यांनी लिहिलं: तीन स्वतंत्र संदर्भ सोबत देत आहे. पुस्तिकेच्या माहितीदारांत माझी आई आहे, हा माझा हितसंबंध होतो. म्हणून मी मत देत नाही.

“अहो, द्या की मत,” काकू म्हणाल्या. “सासूबाई तर आता साक्षीलाही येणार नाहीत.”

“म्हणूनच.”

काकू जरा वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. “आपल्या लग्नाला आहे का हो संदर्भ?”

“पत्रिका आपणच छापली, ती धरता येत नाही. अहेराची वही तुझ्या भावानं लिहिलीय.” मग थोडं मऊ होऊन, “मांडववाल्याची पावती आहे. ती चालेल.”

पान राहिलं. दुसऱ्या दोघांनी संदर्भ तपासून ठेवा म्हटलं. मग काकांनी ते साफ केलं. रत्न, भूषण, गौरव गेले, सव्वीस स्मरणिका गेल्या, टँकर गेला. उरल्या पाच ओळी: जन्म, शिक्षण, नोकरी, आणि दोन ओळी त्या पुस्तिकेच्या. ‘जागतिकीकरण’ हा शब्द पानात कुठंही नाही.

आठवडाभरात सरांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला, कारण कानाला आता कमी येतं.

“काका, हे काय केलंत? आयुष्यभर इतकं लिहिलं आणि तुम्ही ते पोरवयातलं चोपडं तेवढं ठेवलंत? माझ्या एकसष्टीच्या गौरवग्रंथात त्याचा उल्लेखसुद्धा नाही हो!”

“नाहीये. मी बघितला.”

“लोक हसतील. त्यापेक्षा ते पान काढून टाका.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “काढता येतं की. वरती पानकाढा लावा, चर्चापानावर या आणि लिहा, हा माणूस उल्लेखनीय नाही.”

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

“पण सर,” काका म्हणाले, “त्याला संदर्भ लागेल.”